पृथ्वी कुणाला ओढत नाही

आमच्या कोरेगावच्या हायस्कुलात शिंगटे मास्तरांच्या देखत एखादी वस्तू हातातून सुटली, तर ती 'पडली' म्हणायची सोय नव्हती. खडू सुटो, डस्टर सुटो, हेडमास्तरांच्या चहाची बशी सुटून तिचे तुकडे होवोत, मास्तरांची त्याला हरकत नसे. पण कुणी सहज म्हणावं, "अरेरे, पडली!" की मास्तर खुर्चीवरून ताडकन उठत.

"पडली न्हाई! तिला कुनी अडवलं न्हाई, म्हून ती आपल्या वाटंनं गेली. वाटंत फरशी आडवी आली. गुन्हा फरशीचा हाय, बशीचा न्हाई!"

"पण मास्तर, पृथ्वीनं ओढली म्हणूनच ना..."

असं म्हणणारा माणूस एक तर शाळेत नवा असे, नाही तर मुद्दाम खोडी काढणारा. मास्तर कानापर्यंत लाल होत. "कोन ओढतंय? दोरी दाखवा मला! दोरी न्हाई, साखळी न्हाई, हात न्हाई, आन् म्हनं ओढतंय! तुमी शिकल्याली मान्सं का देवरुषी?"

मी त्या शाळेत ड्रॉइंग शिकवत असे. रागीट मीही आहे, पण माझा राग माणसासारख्या माणसांवर असतो. भिंतीवर पानाची पिचकारी मारणाऱ्यांवर, माझ्या पेटीतला तांबडा रंग होळीसाठी लांबवणाऱ्या पोरांवर. शिंगटे मास्तरांचा राग एका वाक्यावर होता. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात ते वाक्य होतं, 'पृथ्वी सर्व वस्तूंना आपल्याकडे ओढते.' दर जूनमध्ये नवी पुस्तकं आली की मास्तर पहिल्या तासाला अख्ख्या वर्गाकडून ते वाक्य शाईनं खोडून घेत. टाक मोडेपर्यंत खोडायचं, अशी शिस्त.

मास्तर मूळचे कडेगावकडचे. घरचा ऊस होता, भावकी मोठी होती, पण हे सांगलीला कॉलेजात शिकून मास्तर झाले. शांत असले की पुस्तकी बोलत आणि चिडले की कडेगावचं. त्यामुळं त्यांचं पुस्तकी बोलणं आम्ही फारसं ऐकलेलं नाही. सांगलीला त्यांचे एक जुने प्रोफेसर होते. अधूनमधून एखाद्या रविवारी मास्तर गाडीनं त्यांच्याकडं जात आणि येताना नवा राग घेऊन येत.

तिकडच्या एका जर्मन शास्त्रज्ञानं मांडलेला सिद्धांत त्यांनी त्या प्रोफेसरांकडून समजून घेतला होता. मधल्या सुट्टीत ते तो मला समजावून सांगत. म्हणजे पुस्तकी भाषेत माझ्यावर ओरडत. "हे बघा ड्रॉइंगमास्तर. जिथं वस्तुमान आहे, जिथं ऊर्जा आहे, तिथं भोवतालचं अवकाश वाकतं आणि काळही वाकतो. दोन्ही एकत्र. त्या वाकलेल्यातून जी वस्तू आपली सरळ चाललेली असते, तिला आपण आंधळे लोक म्हणतो, पडली!" मग मुद्दा भिंतीवर टांगण्यासाठी ते मला चित्र काढायला लावत. अवकाश मी कसंबसं वाकवलं. चौकटी चौकटी काढल्या आणि मधे खड्डा दाखवला.

"झकास. आता काळ वाकवा."

"मास्तर, काळ मला सरळसुद्धा काढता येत नाही."

यावर ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

पण शिकवायचे छान, हे मला कबूल केलंच पाहिजे. एकदा वर्गात त्यांनी लाल भोपळा आणला. भोपळ्याच्या पोटावर शेजारी शेजारी दोन मुंग्या सोडल्या आणि सांगितलं की या दोघी देठाकडं नाकासमोर सरळ चालल्यात असं धरा. कुणी डावीकडं वळायचं नाही, उजवीकडं वळायचं नाही. तरी देठाजवळ पोचेपर्यंत दोघी एकमेकींना चिकटल्या की नाही? "आता बोला. कोन कुनाला ओढत हुतं? ही तिला का ती हिला? कुनीच न्हाई! भोपळा गोल हाय, एवढंच. आपन ज्यात राहतो त्येचा बी असाच एक भोपळा हाय, आन् त्येला आकार देतं ते वस्तुमान आन् ऊर्जा." प्रत्यक्षातल्या मुंग्यांनी मात्र वाटेत तीनदा विचार बदलला होता. एक तर मास्तरांच्या बाहीत गेली.

दुसऱ्या वेळी माण तालुक्यातल्या एका धनगराकडून त्यांनी जाड घोंगडं आणलं. चार पोरांनी चार टोकं ताणून धरली, मधे गुळाची ढेप ठेवली. घोंगडं मधे खोलगट झालं. कडेवरून गोटी सोडली की ती ढेपेभोवती गरगर फिरत आत जाई. पोरं खूश, मी दारात उभा, मीही खूश. म्हटलं, आत्ता कुठं डोक्यात शिरलं. आणि मास्तर एकदम थांबले. ढेपेकडं बघत राहिले. मग गरजले, "खाली ठेवा रं ते! ही ढेप घोंगडं का दाबतीया? तिला वजन हाय म्हून! आन् वजन म्हंजे काय, तेच तर सांगाया निघालो हुतो! खोटं हाय हे सगळं. घरी जावा!" पोरांनी गूळ फोडून खाल्ला आणि घरी गेली. स्वतःच्याच उदाहरणाला असं वर्गाबाहेर काढणारा दुसरा मास्तर मी पाहिला नाही.

त्यांच्या या सिद्धांतानं गावाचं जे करून टाकलं होतं, ते मी विसरणार नाही. उंचावरच्या घड्याळापेक्षा खालचं घड्याळ किंचित हळू चालतं, असं मास्तरांनी एकदा वर्गात सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून खालच्या आळीतली पोरं रोज अर्धा तास उशिरा येऊ लागली. "आमच्याकडं काळ वाकल्याला हाय, सर," असं हेडमास्तरांना तोंडावर सांगत.

आणि गुळाचं तर काय सांगू! तापलेल्या वस्तूत ऊर्जा जास्त, आणि ऊर्जाही वस्तुमानासारखीच अवकाश वाकवते, म्हणून गरम गूळ गार गुळापेक्षा अगदी कणभर जड भरायला हवा, असं मास्तर एकदा सांगलीच्या गाडीत कुणाला तरी समजावून सांगत होते. डब्यात एक गुळाचा अडत्या, म्हणजे पेठेतला दलाल, बसला होता. त्यानं मान डोलावत सगळं ऐकून घेतलं. आणि पुढच्या बाजारी पेठेत कडेगावच्या गाड्या आल्या, तेव्हा त्यानं दर ढेपेमागं शेरभर वजन कमी धरलं. का? तर ढेपा उन्हातनं आल्यात, गरम आहेत, गरमाईचं वजन वजा! हमालीची वजावट होतीच, पोत्याची होती, धुळीची होती. आता सृष्टीच्या नियमांचीही सुरू झाली. मला आजही हे आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

त्या गाड्या मास्तरांच्या भावकीच्याच. भाऊबंद चिडून थेट कोरेगावला आले. "शिकून आमच्याच मुळावर उठला व्हय रं?" मास्तरांनी शाळेतून रजा घेतली, सांगली गाठली आणि पेठेत तराजूसमोर उभे राहून ओरडले, "आवं, साऱ्या पेठेतला गूळ उन्हात घातला तरी त्या गरमाईचं वजन एका मुंगीएवढं भरायचं न्हाई!"

अडत्या शांतपणे म्हणाला, "मास्तर, वजन आसतंय आसं तुमीच म्हनला. किती आसतंय ते तुमच्या शाळंत बघा. हितं आमी शेर धरतो."

"मग थंडीत गूळ गार पडतो तवा शेर जास्ती धरणार का?"

यावर मात्र पेठ हसली आणि ती वजावट बंद झाली. सिद्धांताचा विजय झालेला मी पाहिलेला हा एकमेव प्रसंग.

जपानवर अणुबॉम्ब पडल्याची बातमी आली, तेव्हा गावातली शहाणी माणसं हातात वर्तमानपत्र घेऊन मास्तरांकडं आली. त्या दिवशी 'पडला' म्हटल्याबद्दल त्यांनी कुणाला टोकलं नाही. कुणीतरी म्हणालं, "मास्तर, वस्तुमानाची ऊर्जा होते म्हणता ते खरं निघालं की! मानलं तुम्हाला." मास्तर पांढरेफटक पडले. "भोपळा दाखवला तवा न्हाई पटलं. मान्सं जळाली तवा पटलं व्हय? उठा हितनं." असं म्हणून त्यांनी सगळ्यांना ओसरीवरून उठवलं. गावाला त्याचा राग आला. मला विचाराल तर गावाचाच राग यायला हवा होता.

त्यांचा आणखी एक राग होता, तो आसरांवर. आमच्याकडं जुन्या विहिरीच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड असतात, त्या साती आसरा. त्या पाण्यात राहतात आणि त्यांची ओटी भरायची राहिली तर माणसाला आत ओढतात, असं बायका मानतात. मास्तर म्हणत, "विहिरीत सात बाया बसल्यात आन् ओढत्यात, असं अडाण्यांनी म्हटलं की तुमी हसता. आन् पुस्तकात छापलं, पृथ्वी ओढते, की पाठ करता! सातांची एक क्येली, शेंदूर तेवढा पुसला. ह्यालाच विज्ञान म्हनायचं व्हय?"

हा राग आम्ही समजून घेत असू. मास्तरांचा एकुलता एक मुलगा, बाळू, कडेगावकडच्या मळ्यातल्या विहिरीत पडून गेला होता. कोरेगावला यायच्या आधीची गोष्ट. त्याविषयी ते कधी बोलत नसत, आम्हीही काढत नसू. मास्तरांच्या घरच्या वहिनी अबोल होत्या. आलं-गेलं तर "च्या ठिवू का?" एवढंच विचारत. दर अमावस्येला मात्र त्या खणा-नारळाची ओटी घेऊन गावच्या विहिरीवर जात. आसरांच्या नावानं अख्ख्या जगाशी भांडणारे मास्तर त्यांना कधी अडवत नसत. गल्लीच्या टोकापर्यंत बरोबर जात आणि त्या परत येईपर्यंत पाठ करून उभे राहत.

अशा माणसाचं जे व्हायचं तेच झालं. मॅट्रिकच्या आधीच्या परीक्षेचे पेपर त्या वर्षी बाहेरच्या शाळेत तपासायला गेले. 'वस्तू खाली का पडतात?' या प्रश्नाला आमच्या अख्ख्या वर्गानं लिहिलं होतं, 'पडत नाहीत.' एका हुशार पोरानं पुढं जोडलं होतं, 'ओढत असल्यास दोरी दाखवावी.' सगळ्यांना शून्य. पालक शाळेवर आले. संस्थेच्या चिटणीसांनी मास्तरांना बोलावून सांगितलं की इन्स्पेक्टरसाहेब येताहेत, ते तुमच्या तासाला बसतील. पुस्तकातलं ते वाक्य त्यांच्यासमोर म्हणालात तर नोकरी राहील, नाही तर उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर येऊ नका. नोकरी गेली की शाळेनं दिलेली राहायची जागाही जाणार. मळा मुलाच्या नंतर भावांना देऊन टाकलेला. जायचं कुठं?

मी त्यांना परोपरीनं सांगितलं. "अहो, एक वाक्य! सात शब्द पण नाहीत. म्हणा आणि मोकळे व्हा. दुसऱ्या दिवशी परत खोडा." ते उठून वर्गावर गेले.

इन्स्पेक्टर माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर निदान त्याच्यावर चिडता आलं असतं. प्रवासानं थकलेला, घाम पुसणारा, कसंही करून शेरा लिहून संध्याकाळची गाडी पकडायची असलेला. तो मागच्या बाकावर बसला. हेडमास्तर आणि मी दाराशी. त्या वर्गाची फळ्याशेजारची खिडकी मास्तरांच्या परसात उघडते. तिकडं वहिनी सुपात जोंधळे निवडत बसल्या होत्या.

"आंबा झाडावरून खाली येतो," इन्स्पेक्टर म्हणाले. "का येतो, मास्तर? मुलांना सांगा."

मास्तरांनी भोपळा सांगितला. मुंग्या सांगितल्या. सूर्याजवळून येणारा ताऱ्याचा उजेडसुद्धा वाकलेल्या वाटेनं येतो, हे सांगितलं. इन्स्पेक्टर ऐकत होते. शेवटी हात जोडून म्हणाले, "मास्तर, हे सगळं थोर असेल. पण मुलांना मॅट्रिक व्हायचंय. तुम्ही फक्त 'ओढते' म्हणा. मी लिहून घेतो आणि उठतो."

हेडमास्तर दारातून हातानं खुणा करत होते, म्हणा, म्हणा. परसातला सुपाचा आवाज थांबला होता.

मास्तरांनी पोरांकडं पाठ केली. खिडकीकडं तोंड केलं आणि एवढ्या मोठ्यानं बोलले, की शेजारच्या वर्गातलं पाढे म्हणणं बंद झालं.

"न्हाई साहेब. कुनी ओढत न्हाई. पृथ्वी न्हाई, पानी न्हाई, कुनी न्हाई. जे पडतं त्येला पडताना काय बी वजन नसतं. पिसाएवढं सुद्धा न्हाई. त्येच्या अंगाला कुनाचा हात लागल्याला नसतो. ते आपल्या सरळ वाटंनं चालल्यालं असतं. त्यात काठावर हुबं असल्याल्यांचा काय बी दोष नसतो!"

इन्स्पेक्टरांनी टाक खाली ठेवला. "काठावर? आंब्याच्या झाडाला काठ कुठला, मास्तर?"

मास्तर खिडकीकडंच तोंड करून उभे होते. साहेबांनी टाक उचलून शेरा लिहिला, शिक्षक विद्वान आहे पण शिकवण्यास अयोग्य. आणि गाडी पकडली.

शिक्षकांच्या खोलीत मी मास्तरांना अक्षरशः झापलं. एवढा राग मला आयुष्यात क्वचित आला असेल. नोकरी गेली, घर गेलं, एका क्रियापदासाठी! वहिनींना घेऊन आता राहणार कुठं, याचा तरी विचार केलात का? त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच, न ओरडता बोलले.

"ती विहिरीवर धुणं धूत हुती. पाठीमागं बाळू खेळत हुता. गावातल्या बाया म्हनल्या, तू औंदा आसरांची ओटी भरली न्हाईस, म्हून त्येनी पोरगं ओढून न्येलं. तिनं ते मनात धरलं. मी शिकलेला मास्तर. मी तिला बसवून सांगितलं, अगं, आसरा-बिसरा काय नसतं. वस्तू खाली जाते ती पृथ्वी ओढते म्हणून. तर माझ्याकडं बघून काय म्हनली म्हाईत हाय? म्हनली, 'म्हंजे वढलंच की कुनीतरी.'"

मी त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसलो.

"मला उत्तर न्हवतं, ड्रॉइंगमास्तर. पुस्तकात बी न्हवतं. तवापास्नं शोधत हुतो. सांगलीला घावलं." त्यांनी टोपी झटकली आणि डोक्यावर घातली. "ते वाक्य मी कसं म्हनू? ती खिडकीपल्याड बसल्याली असती."

ते उठून वर्गाकडं गेले. भिंतीवरचं माझं चित्र काढून आणायला मी थोड्या वेळानं मागोमाग गेलो. या शाळेत ते आता ठेवायचं नाही, असं मी रागानं ठरवलं होतं. दारातच थांबलो. वर्ग रिकामा होता. मास्तर खिडकीच्या आत उभे होते आणि बाहेर परसात वहिनी, डोक्यावर पदर घेऊन, गज धरून.

"आवं," त्या म्हणाल्या, "पडतानी वजन नसतं म्हनलासा, ते आपल्या बाळूचं व्हय?"

"व्हय."

"मग पडतानी त्याला कुनी धरल्यालं न्हवतं? काय जानवलं नसंल?"

"न्हाई. धरल्यालं न्हवतं. पडताना काय जाणवलं नसंल."

वहिनींनी गज सोडले. मग त्यांचा आवाज चढला. त्या माउलीला एवढ्या संतापानं बोलताना कोरेगावात कुणी ऐकलं नसेल.

"मग हे मला आदीच का न्हाई सांगितलं वो? साऱ्या पोरांस्नी सांगितलं, पेठंत सांगितलं, सायबाला सांगितलं. मला समोर बसवून का न्हाई सांगितलं?"

मास्तरांनी टोपी काढून हातात घेतली.

"भ्या वाटत हुतं," ते म्हणाले. "तू परत तसंच काय तरी इचारशील, आन् मला उत्तर येणार न्हाई."